एक रबर उरलं

टिकटिककाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारून बघा, वळणारसुद्धा नाहीत. एकदा बँकेतल्या बाईंनी चार वेळा नाव पुकारलं. हे आपले बाकावर बसून भिंतीवरचं घड्याळ किती मागे आहे ते बघताहेत. शेवटी शिपाई ओरडला, "अहो टिकटिककाका, तुम्हालाच!" तेव्हा कुठे गडबडीने उठले. आता अडतीस वर्षं जो माणूस डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय, त्याचं दुसरं नाव लक्षात कोण ठेवणार? गल्लीच्या तोंडाशी, वह्या-पेनांच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची टपरीवजा जागा. एक खुर्ची, एक दिवा, एक गिऱ्हाईक. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याने बाहेर व्हायचं.

काकांचा कामाचा एक नियम होता, आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. घड्याळ उघडण्याआधी टेबलावर स्वच्छ पांढरं कापड पसरायचं. जो भाग आधी निघेल तो डावीकडे, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. बसवताना उलट, उजवीकडून डावीकडे. शेवटी कापड रिकामं झालं पाहिजे. रिकामं झालं तर काम झालं. एक खिळा जरी उरला, तरी घड्याळ कितीही ठणठणीत चालो, काका ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. "चालतंय ना?" असं गिऱ्हाईक म्हणायचं. "आज चालतंय," असं काका म्हणायचे आणि घड्याळ पुन्हा उघडायचे.

घरातसुद्धा हाच खाक्या. इस्त्री, मिक्सर, पंखा, दाराची कडी, काहीही बिघडो, काका कापड पसरणार. बाहेरचा कारागीर उंबऱ्याच्या आत आला नाही. गंमत म्हणजे वरच्याच मजल्यावर नळवाला राहायचा. चांगला तगडा, हसरा, अर्ध्या गावाचे नळ आणि गीझर त्याच्या हाताखालून गेलेले. पण काकांच्या नळाला त्याने कधी हात लावला असेल तर शपथ.

आणि अशा माणसाच्या घरातला गीझर थंडीच्या ऐन कडाक्यात बंद पडला. तोही कधी? काकू इस्पितळातून घरी यायच्या तीन दिवस आधी.

काकूंच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यात घरी सोडू म्हणता म्हणता ताप आला, आणि मुक्काम तीन आठवड्यांवर गेला. आता सगळं छान होतं, ताप उतरला होता, टाके सुकत आले होते. पण त्या तीन आठवड्यांत बाईच्या डोक्यावरून एक थेंब पाणी गेलं नव्हतं. नर्स ओल्या फडक्याने अंग पुसायची, बस. आणि काकू म्हणजे कोण? सकाळी डोक्यावरून कढत पाणी घेतल्याशिवाय जिला चहासुद्धा गोड लागत नाही अशी बाई. रोज संध्याकाळी काका सूप भरलेला डबा घेऊन गेले की काकूंचं एकच पालुपद. "मला फळं नकोत, फुलं नकोत. घरी आले की आधी न्हाणार. पोटभर."

"पोटभर जेवतात," असं काका म्हणायचे.

"मी पोटभर न्हाणार. तुमचं काय जातं?"

डॉक्टरांनी सांगितलं, शनिवारी घरी जा, शनिवारपासून डोक्यावरून आंघोळीला हरकत नाही. काकूंचा चेहरा असा खुलला की शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसायला लागली. हे मंगळवारी. आणि बुधवारी सकाळी काकांनी गीझरचं बटण दाबलं, तर फट् असा आवाज झाला, सगळ्या घराची वीज गेली आणि नळातून जे पाणी आलं ते बर्फाचं सख्खं भावंड. काकांनी त्याच पाण्याने आंघोळ केली. दात असे वाजत होते की दुकानात पोचेपर्यंत थांबले नाहीत.

संध्याकाळी नळवाला जिन्यात भेटला. "काका, गीझर उडाला म्हणे? अर्ध्या तासाचं काम. येतो आत्ता."

"यायचं नाही," काका म्हणाले.

"अहो, पैसे नाही मागणार!"

"पैशाचं नाही रे. मी करतो."

नळवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याचा हेका. हेका होताच, नाही कशाला म्हणा. पण तेवढंच नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी काका बाहेरच्या बाकावर साडेतीन तास बसले होते. आत लोक त्यांच्या बायकोला उघडत होते, आतलं काही काढत होते, शिवत होते, आणि हा माणूस, ज्याचे हात अडतीस वर्षं कधी रिकामे राहिले नव्हते, हातात तिची चप्पल धरून बसला होता. पुढे तीन आठवडे तेच. औषध नर्स देणार, सुई डॉक्टर टोचणार, उशी लेक सारखी करणार. यांनी डबा न्यायचा आणि खुर्चीवर बसायचं. आपला काही उपयोग नाही, हे काकांच्या मनात इतकं रुतून बसलं होतं की त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही. आणि आता तिने एकच गोष्ट मागितली होती, गरम पाणी. ते दुसऱ्याच्या हाताने द्यायचं? छे!

तर काकांनी न्हाणीघराच्या दाराशी पांढरं कापड पसरलं. वीज बंद केली. डोक्याला मफलर गुंडाळला, स्टुलावर चढले, डोळ्याला भिंग लावलं. खालचं झाकण काढलं, वायरी सोडवल्या, एकेक तुकडा डावीकडून मांडत गेले. मग पाणी तापवणारी कॉइल ज्या तबकडीला असते तिच्या नटांना पाना लावला. पहिला नट, दुसरा, तिसरा. घड्याळाचं पाठचं झाकण काढायच्या नाजूकपणाने चौथा. पाचवा सुटला आणि पंधरा लिटर गार पाणी थेट काकांच्या टाळक्यावर!

आता बघा, घड्याळात पाणी नसतं. असलं तर तोच बिघाड. अडतीस वर्षांत उघडायच्या आधी पाणी काढून टाकायची वेळ या माणसावर आलीच नव्हती, मग सुचणार कुठून? काका स्टुलावरून सरळ खाली बसले. मफलर, स्वेटर, भिंग, सगळं निथळतंय. आणि कापडावरचे तुकडे पाण्याबरोबर वाहत कुठले कुठे गेले. एक दाराबाहेर, दोन मोरीच्या जाळीवर, एक चपलेत.

धडाम आवाज ऐकून नळवाला दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला. त्याने दारातून पाहिलं आणि भिंतीला टेकून हसायलाच लागला. "काका! पाणी... पाणी आधी काढायचं असतं हो!"

"आता कळलं," काका म्हणाले. ओठ निळे पडले होते.

"सरका बाजूला. दहा मिनिटांत लावतो."

"हात लावलास तर बघ," काका म्हणाले, आणि चपलेतला तुकडा काढून पुन्हा कापडावर ठेवला. नळवाल्याने हात जोडले, वर जाऊन स्वतःच्या घरचा गरम चहा आणून दिला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "परत लावाल तेव्हा आधी टाकी भरू द्या, मगच बटण. नाहीतर नवी कॉइल जळेल." ते मात्र काकांनी कान देऊन ऐकलं.

गुरुवारी काका कॉइल आणायला गेले. जळलेली जुनी कॉइल रुमालात गुंडाळून नेली होती. दुकानदाराने नवी समोर टाकली. काकांनी खिशातून भिंग काढलं. टोकं बघितली, जोड बघितले, मग म्हणाले, "दुसरी दाखवा." दुसरी बघितली. तिसरी बघितली. पाचवीला दुकानदार म्हणाला, "काका, पाण्यात बुडवायचीय ती. बोटात घालायची नाहीये."

"कुणासाठी पाणी तापवायचंय ते तुम्हाला माहीत नाही," असं म्हणून काकांनी तिसरी उचलली.

घरी येऊन त्यांनी टाकीच्या आतला पांढरा थर जुन्या टूथब्रशने घासला. अंगठ्याची साल निघाली. प्रत्येक तुकडा मऊ कातड्याने पुसून, फुंकणीने फुंकून कोरडा ठणठणीत केला. पाण्यात जायच्या वस्तू हो! पण सवय कुठे जाते? शुक्रवारी दुकान अर्ध्या दिवसाने बंद केलं, इस्पितळात डबा पोचवून आले आणि संध्याकाळी गीझर जोडायला घेतला. उजवीकडून डावीकडे. आधी टाकी भरली, नळातून धार आल्याची खात्री केली, मग डोळे मिटून बटण दाबलं.

फट् झालं नाही. लाल दिवा लागला.

वीस मिनिटांनी काकांनी नळाखाली बोट धरलं आणि "आई गं!" करून ओरडले. बोट पोळलं होतं आणि माणूस आनंदाने न्हाणीघरात नाचत होता. लगेच काकूंना फोन. "ये. पाणी तयार आहे."

"कितपत गरम?"

"तुला हवं तितकं."

"बघा हं," काकू म्हणाल्या. "रात्रभर झोप नाही येणार मला आता."

इथवर सगळं छान. फोन ठेवून काका कापडाची घडी घालायला वाकले, आणि तसेच अर्धवट वाकून राहिले. कापडाच्या एका कडेला, दुमडीखाली, एक रबर. पांढरट, गोल, हाताच्या पंजाएवढं.

एक उरलं!

गीझर चालत होता. एक थेंब गळत नव्हता. दुसरा कुणी असता तर रबर खणात टाकून गाढ झोपला असता. काकांनी ते उलटंपालटं केलं, भिंगातून बघितलं, चांगलं धडधाकट रबर. बुधवारी पाण्याने रांग विस्कटली तेव्हाच काहीतरी चुकलं, दुसरं काय! रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर.

शनिवारी उजाडता उजाडता नळवाला कामावर निघाला होता. काकांनी दारातूनच विचारलं, "अरे, गीझर जोडल्यावर एखादं रबर उरलं तर?"

"पाणी तापतंय?" तो जिना उतरता उतरता ओरडला.

"तापतंय."

"गळतंय?"

"नाही."

"मग फेका ते!"

"आज नाही गळत. उद्या ती आत असताना गळालं तर? अंगावर कढत पाणी पडलं तर?" पण नळवाला तोवर गल्लीच्या टोकाला पोचला होता. काकांनी घड्याळात पाहिलं. डॉक्टर बाराला बघून मग सोडणार होते. लेक आणायला गेली होती. "बाबा, तुम्ही घरीच थांबा, पाणी तापवून ठेवा," असं बजावून गेली होती. म्हणजे पाच तास हातात होते. काकांनी कापड पसरलं.

या वेळी आधी वीज बंद केली आणि टाकीही रिकामी केली. शहाणपण आलं होतं तेवढं! मग एकेक जोड सोडवला. जिथे जिथे रबर हवं तिथे तिथे रबर होतंच. रिकामी जागा एकही नाही. तरी उरलेलं रबर आहेच! काकांना घाम फुटला, एवढ्या थंडीत. त्यांनी कॉइलही बाहेर काढली.

आणि साडेनऊला दारात टॅक्सी थांबली.

त्या दिवशी डॉक्टर लवकर आले होते. काकू लेकीचा हात धरून, शाल लपेटून, एकेक पाऊल टाकत आत आल्या. चेहरा उतरला होता, पण डोळे न्हाणीघराकडे. आणि न्हाणीघराच्या दारात काका. एका डोळ्यावर भिंग, हातात कॉइल, आणि पायाशी कापडावर अख्खा गीझर मांडून ठेवलेला.

"पाणी?" काकूंनी विचारलं.

काकांनी कॉइल हळूच पाठीमागे लपवली.

"बाबा!" लेक कडाडली. "काल तुम्ही सांगितलंत ना, पाणी तयार आहे म्हणून? ही बिचारी पहाटे चारपासून केस सोडून बसलीय! आत्ताच्या आत्ता वरच्या दादांना बोलवा."

"तयार होतं गं," काका म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "अगदी कढत होतं. पण हे उरलं." आणि त्यांनी ते रबर पुढे केलं. "कुठलं ते सापडेना. म्हटलं, तुझ्या अंगावर काही सांडायला नको."

काकूंनी रबर हातात घेतलं. दोन बोटांनी ताणलं. मग नाकाशी नेलं. आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा काही बदलत गेला की लेक घाबरून म्हणाली, "आई, काय होतंय?"

"लसूण," काकू म्हणाल्या.

"काय?"

"लसणाचा वास येतोय याला. अहो, हे सुपाच्या डब्याच्या झाकणातलं रबर आहे!" आणि बाईंना जे हसू फुटलं! एका हाताने पोट धरलं, दुसऱ्याने दार धरलं. "अगं आई गं... हसवू नका हो... टाके ओढतात... तरीच म्हटलं, परवापासून सूप पिशवीत कसं सांडतंय!"

झालं होतं ते असं. बुधवारी काकांनी डबा धुऊन वाळायला याच कापडाच्या कडेला उपडा घातला होता, आणि झाकणातलं रबर निसटून तिथेच राहिलं होतं. अडतीस वर्षं दुपारी डबा खाल्ला, पण झाकणाला आत रबर असतं हे या माणसाला ठाऊक नव्हतं. सेकंदकाट्याच्या टोकावरची धूळ ज्याला दिसते, त्याला बायकोच्या डब्याचं झाकण दिसलं नव्हतं.

"सांडत होतं तर बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही एवढे चालत यायचात डबा घेऊन. काय बोलायचं? उरलेलं पीत होते."

काका स्टुलावर बसले. लेकीला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात दहाच्या चहाला घरी परतलेला नळवाला दारात डोकावला, पसारा बघून त्याने कपाळाला हात लावला आणि पिशवीतून पाना काढला. "सरका काका. काकू दमल्यात. पाव तासात पाणी तापवायला लावतो."

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या.

सगळेच त्यांच्याकडे बघायला लागले.

"यांनी उघडलाय, हेच लावतील. मी तीन आठवडे थांबले, अजून तासभर थांबायला काही धाड नाही भरली मला. खुर्ची आण गं इकडे." लेकीने खुर्ची आणली. काकू कापडाशेजारी शाल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हं, उजवीकडून ना? काय देऊ आधी?"

नळवाला पाना धरून उभाच राहिला. मग हसत हसत दाराला टेकला. काकू एकेक तुकडा उचलून देत होत्या, काका बसवत होते. मध्येच काकू रबर उचलायच्या, वास घ्यायच्या आणि "हे गीझरचंच" असं म्हणून पुढे करायच्या. नळवाल्याची हसून हसून पुरेवाट झाली. शेवटचा स्क्रू दिला, कापड रिकामं झालं, टाकी भरली, लाल दिवा लागला. लेक आईच्या खोलीतली चादर बदलायला गेली, नळवाला कामावर गेला. आणि पाणी तापेपर्यंत दोघंच खाली बसून राहिली.

"तिथे मला काहीच करता येत नव्हतं गं," काका एकदम म्हणाले. दिव्याकडे बघतच म्हणाले. "नुसता बसून असायचो. तू आत, आणि मी तुझी चप्पल धरून बाहेर. भीती वाटायची फार."

काकूंनी शालीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर ओढलं. मग म्हणाल्या, "मला पण वाटायची. संध्याकाळी जिन्यात तुमच्या पायांचा आवाज आला की जायची."

पाणी तापलं. काकू आत गेल्या, स्टुलावर बसल्या, आणि पहिलाच मग उचलताना "आई गं" झालं. टाके ताणले गेले. तो डोक्याच्या वर नेणं तर लांबच. दार नुसतंच लोटलेलं होतं.

"अहो," आतून हाक आली. "या इकडे. तुम्हीच घाला."

पस्तीस वर्षांच्या संसारात काकांनी बायकोच्या डोक्यावर पाणी घातलं नव्हतं. बाह्या सारल्या, मनगटावर पाणी घेऊन बघितलं, थोडं गार मिसळलं, पुन्हा बघितलं, पुन्हा चमचाभर गार मिसळलं. "अहो, घड्याळ नाही लावायचंय, ओता!" असं काकू म्हणाल्या तेव्हा पहिला मग ओतला. मोकळ्या केसांतून वाफ निघाली. काकूंनी डोळे मिटले. खांदे थरथरायला लागले.

काका घाबरले. "पोळलं का गं?"

"नाही हो." काकू रडत होत्या, आणि हसतही होत्या. "आत्ता घरी आले मी. अजून घाला."

काकांनी मग बुडवला. बादली संपली, दुसरी भरली. काकू "अजून" म्हणत राहिल्या आणि काका ओतत राहिले.